पाच जणांची भाकर

ज्या कामाला गडी बायकांना हात लावू देत नाहीत, ते काम दुपार कलल्याशिवाय उरकत नाही असं मैनाबाईंचं मत होतं, आणि रोडग्यांनी ते दरवेळी खरं करून दाखवलं होतं. सकाळी पेटवलेल्या गोवऱ्यांचा आर व्हायला सूर्य डोक्यावर आला, तरी त्यांचे यजमान सदाशिवराव परातीतल्या कणकेशी झटतच होते. एरवी या माणसाने पाण्याचा तांब्या कधी स्वतः भरून घेतला नव्हता. पण शेतात आरावर भाजायचे रोडगे म्हटले की वऱ्हाडातल्या गड्याला चेव येतो. कणीक जाडी की बारीक, तेल किती, आर केव्हा सारायचा, यावर ते हमरीतुमरीवर येतात, आणि बायका निंबाच्या सावलीत बसून मजा बघतात.

नवस मैनाबाईंचाच होता. विठ्ठल आफ्रिकेतून धडधाकट परत आला तर शेतातल्या मारुतीला रोडग्यांचं जेवण. दिग्रसच्या जिनिंगमधला हा फिटर, त्यांचा एकुलता एक मुलगा, चार वर्षांपूर्वी बोटीत बसून युगांडाला गेला होता. तिथेही कापूस पिकतो, तिथेही जिनं चालतात, आणि चालणारी गोष्ट कधी ना कधी बिघडतेच. आता तिथला हंगाम संपला म्हणून तो रजेवर आला होता, आणि परत जाताना बायकोला, इंदूला, घेऊन जाणार होता. तिकिटंसुद्धा काढून झाली होती. नवस बोलताना आपण ‘परत आला तर’ म्हटलं, ‘परत येऊन राहिला तर’ म्हटलं नाही, ही चूक मैनाबाईंना जाचत होती. देवाशी बोलतानाही माणसाने शब्द नीट वापरायला हवेत.

“समुद्रावर आठ-दहा दिवस नुसतं पाणी दिसते म्हणते,” त्या इंदूकडे न बघता म्हणाल्या. “आपल्या अठी माणसाले पैनगंगेचा पूर पाहून चक्कर येते.”

“मले नाई येत, आत्याबाई,” इंदू म्हणाली. ती वांगी चिरत होती. भाजीही आज गड्यांचीच, पण वांगी चिरायला मात्र तिला बोलावलं होतं.

“जाऊ दे ना माय तिले,” नंदाबाई म्हणाल्या. विठ्ठलची ही थोरली बहीण नवरा वारल्यापासून माहेरीच होती, आणि इंदू गेल्यावर चुलीचा कारभार आपल्याकडे येईल हे तिने मनात कधीच पक्कं केलं होतं. “चार वर्सं काढले तिनं. आता नवऱ्यापाशी जाईन नाई तं कुठी जाईन?”

मैनाबाईंनी लेकीकडे असं पाहिलं, की नंदाबाईंना एकदम पत्रावळी मोजायचं काम आठवलं.

तिकडे आराशी विठ्ठल घामाने निथळत होता, पण सगळाच घाम काही आराचा नव्हता. आज जेवायला कोण येणार आहे हे त्याला सकाळी कळलं होतं.

“बाबा, त्यायले कायले बोलावलं?”

“कायले म्हंजे?” सदाशिवराव कणकेचा गोळा तळहातावर थापत म्हणाले. “तुह्या संगं परमुलखात जेवणारे पोरं. त्यायच्या मायबापाले टाळून देवाचं जेवण करू काय? अकोटवाले, हिंगणघाटवाले दूर पडले. पण दिग्रसची हुस्नाबी अन् आर्णीकडचा देवीलाल, हे तं हाकेवर हायेत.”

विठ्ठल आरावरची राख उगाच सारू लागला. बोलणार काय? गेले तीन आठवडे तो रोज रात्री इंदूला एक गोष्ट सांगायचं ठरवत होता आणि रोज सकाळी ती न सांगताच उठत होता.

युगांडातल्या मबाले गावाजवळच्या त्या जिनावर ते पाच वऱ्हाडी गडी होते आणि त्यांची एक मेस होती. मेस म्हणजे एक चूल, एक तवा आणि पाच कपाळकरंटे. ज्वारी तिथेही पिकायची, पण लाल आणि कडवट. तिथले लोक तिची दारू करत, आणि चव पाहता त्यांचं काही चुकत नव्हतं. ती थापली की परातीतच तुकडे व्हायचे. मग मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उकडलेली हिरवी केळी, नाहीतर गुजराती दुकानातली महागाची डाळ. पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. रात्री ताटं वाढली की एकाने बोलायचं, बाकीच्यांनी मुकाट जेवायचं. बोलणाऱ्याने आपल्या घरचा एक पदार्थ चूल पेटवण्यापासून ताटात पडेपर्यंत सांगायचा. दिग्रसचा रहमत अंबाडीच्या भाजीवर बोलता बोलता मध्येच उठून बाहेर गेला होता. बंजारा तांड्यावरचा प्रेमसिंग तिळाच्या चटणीपलीकडे कधी जायचा नाही, पण ती अशी सांगायचा की हातातल्या केळ्याला खमंग वास यायचा.

विठ्ठलची पाळी आली की तो इंदूची भाकर सांगायचा. टम्म फुगलेली, पापुद्रा बोटाने उचलला की आत वाफ, त्यात लोणी आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा. एका रात्री त्याचं सांगून झाल्यावर कुणी हललंच नाही. मग रहमत म्हणाला, “भाभीले इकडंच घेऊन ये ना बे.” विठ्ठल म्हणाला, पैसे नाहीत. त्याची कमाई घरच्या विहिरीत आणि कौलांत गेली होती. आणि पाचही जणांनी एका हंगामात वर्गणी काढून इंदूचं तिकीट उभं केलं. तिने पाच जणांची भाकर करायची असं कुणी ठरवलं नाही. ठरवायला लागतं असंच कुणाला वाटलं नाही.

इंदूला हे सोडून विठ्ठलने सगळं सांगितलं होतं. कंपनीने दोन खोल्या दिल्यात, दारात पपईचं झाड आहे. आणि पोरांचे निरोप पोचवायला घरोघर गेला, तेव्हा मात्र प्रत्येक आईला त्याने छाती फुगवून सांगितलं, “आता काळजी नका करू, पोरायले गरम भाकर भेटन.” सगळ्या तालुक्याला ठाऊक, घरच्या बाईला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण त्याची मूठ झाकलेली होती फक्त इंदूपुरती.

फाट्यावर एसटी थांबली. चोराच्या मनात चांदणं. विठ्ठलच्या हातातला रोडगा आरात पडला आणि ठिणग्या उडाल्या.

“लक्ष कुठी हाय तुहं?” सदाशिवराव खेकसले.

रहमतची आई हुस्नाबी उतरल्या, मागोमाग प्रेमसिंगचा बाप देवीलाल. दोघांची ओळख बसमध्येच झाली होती, आणि लेकरं एकाच ताटावर बसतात म्हटल्यावर बांधावरून येईपर्यंत ती जुनी झाली. देवीलालच्या खांद्यावर ज्वारीचं लहानसं पोतं होतं. हुस्नाबींच्या हातात तीन गाठोडी होती आणि ती त्यांनी थेट इंदूच्या पुढ्यात ठेवली.

“ही वाळवलेली अंबाडी,” त्या सोडून दाखवू लागल्या. “हा मसाला. अन् ह्या मिरच्या, बी काढेल हायेत, रहमतच्या पोटात बी चालत नाही. अन् बेटी, त्याले भाकर पातळ लागते. ल्हानपणापासून नखरे हायेत त्याचे.”

“प्रेमसिंगचं उलटं,” देवीलाल पोतं टेकवत म्हणाला. “त्याले जाड पाह्यजे. त्याची याडी, म्हंजे माय, अशी बोटाएवढी जाड करते अन् आरावर उभी करून भाजते. तेवढं याद ठेव बाई. ज्वारी आपल्या रानातली हाय, तिकडची कडू म्हणते.”

पोरांना मसाला न्यायचा आहे, एवढंच इंदूला कळलं. “मी देईन त्यायले,” ती हसून म्हणाली. “कव्हा जेवाले बोलावलं तं करूनही घालीन.”

“कव्हा कायले?” हुस्नाबीही हसल्या. “रोजच तं तू करणार ना पाचही जणायचं. म्हणून तं त्यायनं मिळून तुह्या तिकिटाचे पैसे...”

आणि त्या थांबल्या. समोरच्या पोरीचा चेहरा बघून त्यांना कळलं की आपण हिला आठवण देत नाही, बातमी देतो आहोत. “हाय अल्ला,” त्या हळूच म्हणाल्या. “तुले त्यानं सांगतलं नाही?”

इंदूने बघायला घेतलेली मिरची परत गाठोड्यात ठेवली. पहिल्यांदा तिला राग आला नाही, लाजच वाटली. जसं काही आपणच फुकट कुठे निघालो होतो. गेले तीन आठवडे ती मनातल्या मनात त्या दोन खोल्या लावत होती. चूल इकडे, पाण्याचा माठ तिकडे. दोन माणसांचा स्वयंपाक तिने जन्मात केला नव्हता. माहेरी नऊ माणसं, इथे गडीमाणसं धरून अकरा. दोघांसाठी पीठ किती घ्यायचं हेच तिला ठरवता येईना, आणि या गोष्टीचं तिला अंथरुणात पडल्या पडल्या हसू यायचं. परवाच तिने दिग्रसच्या बाजारातून एक लहानसं पातेलं घेतलं होतं. एवढ्याशात काय शिजणार, म्हणून नंदाबाई त्याला हसल्या होत्या.

आता राग आला. ती उठली आणि सरळ आराकडे गेली. तिथे बाईमाणूस आलेलं पाहून सदाशिवरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण ती थांबली नाही.

“अहो, मले कायले नेऊन राह्यले तुम्ही?” ती नवऱ्याला म्हणाली. “बायको म्हणून का तुमच्या मेसची सैपाकीण म्हणून?”

विठ्ठलने हुस्नाबींकडे पाहिलं, देवीलालकडे पाहिलं, मग खाली राखेकडे पाहिलं. सदाशिवरावांनी दोन-तीन प्रश्नांत सगळं काढून घेतलं. तोवर मैनाबाईही उठून आल्या होत्या.

“म्हणून तं म्हणत होती मी!” त्या कडाडल्या. “माही सून कोणाच्या खाणावळीत राबाले नाई जाणार! अठीच राहीन ती. समजलं?”

माही सून. सहा वर्षांत हे शब्द इंदूने सासूच्या तोंडून असे कधी ऐकले नव्हते. ते तिला गोड वाटले. आणि लगेच तिच्या ध्यानात आलं, की सासूच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे परत अकरा माणसांच्या चुलीपुढे बसायचं.

“अठी अकरा जणायचं करते, तथी पाच,” नंदाबाई बोलून गेल्या. “हलकंच झालं की काम.”

“तू चूप बस,” मैनाबाई म्हणाल्या.

“तिकीट परत कर,” सदाशिवरावांनी निकाल दिला. “पोरायचे पैसे देऊन टाक. पुढच्या खेपेले आपल्या पैशानं ने. आपल्या घरची बाई दुसऱ्याच्या वर्गणीवर जाणार नाही.”

हे ऐकायला बरं होतं. पण पुढच्या खेपेला म्हणजे काय, हे इंदूएवढं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षंसुद्धा एकदम चार म्हणून आली नव्हती. दरसाल ‘पुढच्या साली’ म्हणूनच आली होती.

“मामंजी, थांबा जराक,” ती म्हणाली. सासऱ्यांना तिने प्रथमच थांबवलं, आणि ते थांबले याचं दोघांनाही नवल वाटलं. मग ती विठ्ठलकडे वळली. “खरं सांगा. हे पैसे नसते जमले, तं कव्हा नेलं असतं मले?”

“दोन वर्सं,” विठ्ठल म्हणाला. “तीनही लागले असते. नाई सांगता येत.”

“अन् मले भाकर जमत नसती तं?”

“तं कोणी पैसे देल्ले नसते.”

देवीलालने मान हलवली. हुस्नाबींनी पदर तोंडाला लावला. खोटं बोलायची इतकी चांगली संधी विठ्ठलने वाया घालवलेली पाहून मैनाबाईंना त्याची कीवच आली.

“आता सांगतोच,” विठ्ठल आराकडे बघत म्हणाला. “तथी रात्री जेवाच्या टायमाले घरचं काही सांगा लागते. आमची रीत हाय तशी. मी दरवेळी तुही भाकरच सांगे. प्रेमसिंग चिडवे, दुसरं काही आठवत नाही काय म्हणून. आता चार गड्याइत बसून मले बायकोची याद येते, असं कसं सांगावं? भाकरीचं सांगता येते.”

 सदाशिवरावांनी विनाकारण एक रोडगा उलटवला. आपण स्वतः उभ्या जन्मात बायकोबद्दल भाकरीचंही कुणाला सांगितलं नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं, आणि ते मैनाबाईंकडे बघायचं टाळून पुन्हा आर सारखा करू लागले.

इंदूचा राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरंही काही येऊन बसलं. तिला जायचं होतं. आज सकाळी जेवढं जायचं होतं, त्याहून आता जास्तच जायचं होतं, आणि म्हणूनच आत्ता बोलायला हवं होतं. बोटीत बसल्यावर बोलून काय उपयोग?

“मी येईन,” ती म्हणाली. “पण मेसमधी आता पाच नाही, सहा जण झाले. सहा जणायचे सहा वार लावा. माहा सोमवार. त्या दिवशी पातळ, जाड, ज्याले जशी पाह्यजे तशी भाकर करीन. मंगळवारपासून तुमचे वार. मले जमते ते मी शिकवीन, पण थापान तुम्हीच.”

“अन् रयवारी?” नंदाबाईंना राहवलं नाही.

“ज्याले भूक लागन त्यानं चूल पेटवावी.”

“असं कुठी असते काय बाई?” देवीलाल म्हणाला. “घरात बाईमाणूस असताना गडी रांधन?”

“तं आज कोण रांधून राह्यलं, देवीलालभाऊ?” हुस्नाबींनी विचारलं. “हे एवढे गडी काय शेक घेऊन राह्यले?”

“आजची गोष्ट वेगळी. हा देवाचा सैपाक हाय.”

“देवासाठी हात चालतात, अन् पोटासाठी नाही चालत?”

देवीलाल भला माणूस असल्यामुळे हसला. “माह्या प्रेमसिंगच्या वाराले साऱ्यायनं उपास धरा म्हणा,” तो म्हणाला.

“मले कबूल,” विठ्ठल म्हणाला.

“तुमचं नाही इचारून राह्यली. त्या चौघायचं?”

“त्यायच्या घरचे बसले ना अठी दोघं.”

“माह्याकडून रहमतचं कबूल,” हुस्नाबी म्हणाल्या. “अन् नाही म्हटलं तं मले सांगजो. तिकडं येऊन कान पिळीन.”

इंदूने ती तीन गाठोडी उचलली आणि विठ्ठलच्या मांडीवर ठेवली. “आता कोणाले काय लागते ते यायले सांगा,” ती पाहुण्यांना म्हणाली. “माह्या ध्यानात साऱ्यायचं नाही राहत.”

मग हुस्नाबींनी बियांचं आणि देवीलालने जाडीचं पुराण पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि विठ्ठल शाळेतल्या पोरासारखा मान डोलावत राहिला. मैनाबाई हे सगळं बघत होत्या. सून हातची गेली, हे त्यांना कळून चुकलं होतं. पण पोरगी बोलली नेटकं, हेही त्यांना नाकारता येईना. असं बोलायची वेळ आपल्यावर कितीदा आली आणि आपण कितीदा चुलीत फुंकर घालत बसलो, हे आठवून त्यांना बरं वाटलं नाही.

अखेर रोडगे झाले. मारुतीपुढे नैवेद्य गेला आणि पंगत बसली. हुस्नाबींना कुठे बसवायचं, हा विचार मैनाबाईंच्या मनात सकाळी येऊन गेला होता. आता त्यांनी आपल्या शेजारचीच पत्रावळ त्यांच्यासाठी झटकली. गडी गड्यांच्या ओळीत वाढू लागले, आणि बायकांच्या ओळीकडे कुणी फिरकायच्या आत इंदू सवयीने वरणाचं भांडं घेऊन उभी राहिलीच.

“बेटी,” पत्रावळीवर रोडगा कुस्करत हुस्नाबी म्हणाल्या, “कव्हापासून आम्ही आमच्या पोरायचंच सांगून राह्यलो. तुले काय आवडते? तिकडं गेल्यावर कायची याद येईन तुले?”

उत्तर द्यायला मैनाबाईंनीच तोंड उघडलं. विठ्ठलला भरली वांगी, नंदाला शेवयांची खीर, मालकाला शिळ्या भाकरीचा काला, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. सून सहा वर्षं त्यांच्या चुलीपाशी बसत होती. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खात होती. त्यांनी आठवून पाहिलं, पुन्हा आठवून पाहिलं, आणि तोंड मिटलं. पलीकडच्या ओळीत विठ्ठलचाही घास हातात थांबला होता. त्यालाही सांगता येत नव्हतं.

“मले?” इंदू म्हणाली. तिने खरोखरच विचार केला. “मले दुसऱ्यानं वाढलेलं आवडते.”

ती हसत म्हणाली. त्यात गाऱ्हाणं नव्हतं, आणि तेच मैनाबाईंना लागलं. गुडघ्यावर हात टेकून त्या पत्रावळीवरून उठल्या, सुनेच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि आपल्याच जागेकडे बोट दाखवलं.

“बस अठी.”

“आत्याबाई, तुम्ही जेवत्या...”

“बस म्हटलं ना.”

इंदू बसली. मैनाबाईंनी रोडगा फोडला, त्यावर वरण घातलं आणि तुपाची धार धरली. या पोरीला तूप किती लागतं, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं.

“पुरे म्हणजो बरं,” त्या म्हणाल्या.

इंदूने बराच वेळ म्हटलं नाही.